लाइनीतली दुसरी गाडी

दवाखान्याच्या गेटासमोर माझी चहाची टपरी हाय. लीलाबाईचा चहा म्हणलं की तालुक्यात कुणीबी बोट करून दाखवील. तोंडाची फटकळ हाय म्हणूनबी सांगतील, आन् त्यात खोटं काय न्हाई. नवरा गेल्यावर म्हसवडाकडचं सासर सोडून मी माघारी आले. थोरल्या भावानं, नाथाजीअण्णानं, मेंढ्या विकून मला ही टपरी टाकून दिली. म्हणला, कुणाच्या दारात तुकडा मागत बसायचं न्हाई, आपल्या पायावर हुबं ऱ्हायचं. त्याच अण्णाची ही गोष्ट हाय.

आमचा तालुका पडला सांगलीच्या पूर्वेला, दुष्काळी. दवाखाना हाय पण बारका. ताप-खोकला, टाकं घालायचं, बाळंतपण, एवढं हितं भागतंय. छातीत कळ आली, डोक्याला मार लागला, की लगीच मिरजेला न्हाईतर सांगलीला धाडत्यात. सरकारी गाडी एक हाय, पण तालुका केवढा, ती एकटी कुठं कुठं पुरणार? म्हणून गेटाबाहीर लिंबाच्या सावलीला भाड्याच्या अँब्युलन्स हुभ्या असत्यात. आधी त्या वडापच्या जीपसारख्या चालायच्या. पेशंट बाहीर आला की चौघं ड्रायव्हर पळायचं, एक हात धरायचा, एक सलाइन धरायचा, नातेवाइकाला कळायचंच न्हाई कुणाच्या गाडीत माणूस चढवला.

त्यातला एकच ड्रायव्हर पळायचा न्हाई, त्यो महेंद्र. मिलिटरीत गाडी चालवून रिटायर झालेला, बौद्धवाड्यातला. कपडं इस्त्रीचं, बोलणं मोजकं, गाडी आतनं बाहीरनं चकाचक. कोरोनात सख्खी पोरं बापाला हात लावंनात, तवा ह्यानं मढी न्हेली. गावोगावची न्हेली, कुणाची जात इचारली न्हाई. आन् त्याचं बक्षीस काय, तर त्याच्या गाडीला मढ्याची गाडी असं नाव पडलं. ज्यांची माणसं ह्यानं जाळाय न्हेली, त्यांनीच पाडलं. मला तवापासनं ह्या लोकांचा लय राग येतो, पण टपरी चालवायची म्हणल्यावर गिऱ्हाइकाचं तोंड किती दिवस फोडणार?

मंग आमच्या वाडीच्या पोरांनी नवीन गाडी आणली. आमी धनगर, बिरोबा आमचा देव. देवाच्या नावाचं मंडळ हाय, मंडळानं वर्गणी काढली, सोनं गाळायच्या, गलाईच्या धंद्याला परराज्यात गेलेल्या पोरांनी तिकडनं भर घातली, आन् ऑक्सिजनची पांढरी गाडी दारात आली. देवळापुढं तिच्यावर भंडारा उधळला, नारळ फोडला. जुन्या माणसांनी एकच अट घातली. ही देवाची गाडी हाय, हिच्यात मढं न्यायचं न्हाई. पोरं व्हय म्हणली. गाडी चालवायला अण्णाचाच ल्योक, अर्जुना, पगार-बिगार न घेता तयार झाला. नुसतं डिझेल टाकायचं आन् मिरजेला जायचं. लोकांना देव पावल्यागत झालं.

पण भाड्याच्या गाडीवाल्यांच्या पोटावर पाय आला. मंडळाची पोरं वळखीनं थेट वार्डात घुसायची आन् पेशंट घेऊन यायची. शिव्यागाळी झाली, एकदा अर्जुनाची काच फोडली. मंग एक दिवस दवाखान्याच्या पायरीवर एका बाईचं स्ट्रेचर दोन्ही बाजूनं वढलं. इकडनं मंडळाची पोरं, तिकडनं भाड्याची. सलाइनची सुई निघाली आन् बाई धाडकन फरशीवर पडली. मी टपरीतनं बघितलं. चहा उतू गेला तरी माझं ध्यान न्हाई.

त्या दिवशी महेंद्रानं सगळ्यांना लिंबाखाली बसवलं. दोन्हीकडच्यांना. म्हणला, हे बंद. फुकटची गाडी असू दे न्हाईतर भाड्याची, एकच लाइन लागंल. जी पुढं हाय तीच पेशंट घेणार. पुढची गाडी पेशंट घेऊन रस्त्याला लागल्याबिगर मागच्या गाडीनं चाक हलवायचं न्हाई. आन् माघारी आलेल्यानं शेपटाला लागायचं. बोलला ते सगळ्यांना पटलं. त्यानं टाइप करून कागद आणला हुता, पण अर्जुना म्हणला, कागद कशाला पायजे, आमी भंडारा उचलतो. देवळातनं भंडारा आणला, एकेकानं मुठीत घेतला आन् महेंद्र बोलला ते शब्द जसंच्या तसं म्हणलं. भंडारा उचलून जो शब्द मोडंल त्याचं घर बसतं, असं आमच्यात हाय. शिकल्या-सवरलेल्यांना हसू येत असंल तर येऊ दे. महेंद्र म्हणला, मी भंडारा उचलत न्हाई, माझा शब्द घ्या. त्याचा शब्द सगळ्यांनी घेतला.

त्यानंतर भांडणं खरंच मिटली. दवाखान्यात साताऱ्याकडच्या सोनम मॅडम म्हणून तरण्या डॉक्टरीणबाई हायत, त्यांनी सगळ्यांना माझ्याकडनं चहा पाजला. गाड्या एकामागं एक, गप गुमान हुभ्या. मलाबी बरं वाटलं. म्हणलं, चला, माणसात आली एकदाची.

पण लोकं ती लोकं. पेशंट घेऊन बाहीर आली की पहिल्यांदा लाइन बघायची. पुढं महेंद्राची गाडी आन् मागं देवाची दिसली, की माझ्या बाकड्यावर बसायची. म्हणायची, थांबू वाईच, देवाची गाडी लागू दे. हात मोडलेलं बसायचं, पोटात दुखणारं बसायचं. मढ्याच्या गाडीत जित्या माणसानं बसू नये म्हणं, बसला की त्यो तसाच परततोय. पुढची गाडी दुसरं कोणतरी अडलं-नडलं घेऊन गेली, की मंग हे उठायचं. कुणी दगावलं न्हाई, म्हणून कुणी बोललं न्हाई. महेंद्र स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचा, पण त्याला सगळं दिसत हुतं. एकदा चहाचा कप ठेवता ठेवता त्यानं मला इचारलं, "लीलाआक्का, ही लोकं माझ्या गाडीला भ्यात्यात का मला?"

मी म्हणलं, चहा गार हुतोय, पी.

त्या दिवशी बाजार हुता. अण्णा एडका विकायला आल्ता. दुपारच्याला काठी टेकत टेकत टपरीवर आला आन् बाकड्यावर बसला. मी चहा टाकाय लागले तर म्हणला, चहा नगं, पानी दे. माझ्या हाताचा चहा अण्णानं जन्मात कवा नाकारला न्हवता. मी वळून बघितलं तर घामानं सदरा अंगाला चिकटलेला, तोंड राखंवानी, आन् एका हातानं दुसरा दंड चोळत बसलेला. मी गॅस तसाच सोडला, दोघा बाजारकरूंना हाक मारली आन् त्याला उचलून आत न्हेलं.

सोनम मॅडमनी छातीला वायरी लावून पट्टी काढली, गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं. पट्टी हातात धरून सवता बाहीर आल्या. म्हणल्या, मोठा झटका हाय, आत्ताच्या आत्ता मिरजेला हलवा, तिथं पोचला तर वाचतोय. सरकारी गाडी सकाळधरनं एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन सांगलीला गेल्ती. स्ट्रेचर ढकलत आमी गेटाबाहीर आलो.

लाइनीत पुढं महेंद्राची गाडी. मागं अर्जुनाची, तिच्यामागं बाकीच्या भाड्याच्या.

बापाला बघून अर्जुना पळत आला. पोरगं शहाणं हाय, त्यानं इचार केला न्हाई, स्ट्रेचरची दुसरी बाजू धरली आन् सरळ महेंद्राच्या गाडीकडं वळवलं. महेंद्रानं दार उघडून ऑक्सिजनचा मास्क हातात घेतलाच हुता. तेवढ्यात अण्णानं गाडी वळखली. त्यानं हात लांब करून गेटाचा गज धरला, आन् असा धरला की स्ट्रेचर जाग्यावर थांबलं.

"ह्या गाडीत न्हाई," अण्णा म्हणला. "मी अजून मेलो न्हाई."

मी तोंड सोडलं. थोरला भाऊ हाय, बापाच्या जागी हाय, काय बघितलं न्हाई. म्हणलं, म्हाताऱ्या, तुझी अक्कल मेंढरांनी खाल्ली का? त्यानं डोळं मिटून घेतलं. मॅडम वरडल्या, गाडी गाडी असती बाबा, उशीर करू नका. त्यानं गज सोडला न्हाई. बाजारची माणसं गोळा झाली. त्यातल्या चार-दोघांनी त्याला उचलून आत टाकायला हात घातला, तर त्यो झटापट कराय लागला. मॅडमनी त्यांना मागं वढलं. म्हणल्या, अशी ताकद लावली तर हितंच जाईल त्यो.

महेंद्र खाली उतरला. त्याच्या तोंडाकडं मला बघवंना. एवढ्या माणसांत त्याच्या गाडीला न्हाई म्हणलं हुतं, पण त्यानं ते गिळलं. अण्णाच्या उशाला वाकून म्हणला, नाथाअण्णा, मी नंबर सोडतो. तुमी पोराच्या गाडीत बसा.

मला वाटलं, सुटलो. मी अर्जुनाकडं बघितलं, तर पोरगं जाग्यावरनं हलंना.

"आत्ती, म्या भंडारा उचललाय," त्यो म्हणला. "पुढची गाडी पेशंट घेऊन गेल्याबिगर चाक हलवणार न्हाई म्हणून."

आन् अण्णा, ज्याच्या जिवासाठी हे चाललं हुतं, त्यो मिटल्या डोळ्यांनी म्हणला, "भंडारा मोडू नगंस, पोरा. घरात तुझं लेकरू हाय."

आता बोला. पहिल्या गाडीत ह्यो बसंना, दुसरी गाडी हलू दीना. महेंद्र म्हणला, मी रिकामी गाडी काढून जातो. अर्जुना रडत म्हणला, पेशंट घेऊन असं म्हणलंय, दादा, रिकामी कशी चालंल. मॅडम म्हणल्या, तुमी माणसं हाय का कोण हाय. त्यांच्या डोळ्यात पानी आलं हुतं. बाजारातला एक जाणता म्हणला, बाजारचा दिवस हाय, येतंय बघा कोणतरी आत्ता. म्हणजे काय, तर कुणाचा तरी हात मोडावा, कुणाला तरी साप चावावा, आन् त्यानं महेंद्राच्या गाडीत बसून जावं. भर उन्हात, कुणाचं तरी वाईट व्हायची वाट बघत आमी रस्त्याकडं डोळं लावून हुभं ऱ्हायलो. माझा सख्खा भाऊ मॅडमनी दवाखान्यातनं आणलेल्या सिलिंडरच्या मास्कमधनं फुस फुस श्वास घेत हुता आन् मीबी रस्त्याकडंच बघत हुते.

मंग माझं डोकं फिरलं. पदर खोचला, महेंद्राच्या गाडीत चढले आन् आतल्या स्ट्रेचरवर आडवी झाले. म्हणलं, "मी पेशंट. माझ्या छातीत कळ आलीया. हाण गाडी."

त्यात खोटं काय न्हवतं, कळ खरंच आली हुती.

उघड्या दारातनं मला अण्णा दिसत हुता. त्यानं डोळं उघडलं, मी कुठं पडलीया ते बघितलं, आन् मास्कच्या आत त्यो हसला. ल्हानपणी मी झाडावर चढले की हसायचा तसा. मी त्याला हात केला. महेंद्रानं दार लावलं, सायरन चालू केला आन् गाडी रस्त्याला काढली.

गाव संपल्यावर मिरजेकडं जायचा फाटा लागतो. तिथं त्यानं गाडी कडंला घेतली. आता मागनं अर्जुना अण्णाला घेऊन आला की आमच्या अंगावरनं जाणार, मंग आमी माघारी वळायचं, असं न बोलताच ठरलं. मी पडून ऱ्हायले. उठले तर नाटक मोडंल आन् देव बघंल, असं उगंच मनात आलं. पडल्या पडल्या गाडी बघितली. चादर पांढरीशुभ्र, कोपरं दाबून बसवलेली. फिनेलचा वास. वर बाबासाहेबांचा बारका फोटो. ऑक्सिजनच्या नळीला कुठं धूळ न्हाई. कशाला भ्यात्यात ही लोकं? माझ्या घरात एवढी सफाई न्हाई.

महेंद्रानं इंजिन बंद केलं, मागचा सायरन ऐकू यावा म्हणून. मोटारी गेल्या, मेंढरं भरलेला एक टेंपो गेला. एका एसटीनं हॉर्न दिला तर मी दचकून उठून बसले. सायरन काय येईना. मी म्हणलं, ऑक्सिजन जोडत असतील. त्यो हं म्हणला. परत म्हणलं, स्ट्रेचर चढवायला येळ लागतोय, अण्णा अंगानं दणकट हाय. त्यानं अर्जुनाला फोन लावला, नुसती रिंग वाजत ऱ्हायली. मंग त्यानं गाडी चालू केली आन् मला न इचारता माघारी वळवली. मी म्हणलं, मागं कशाला वळवतोयस, येत्यात ती. त्यानं सायरन लावला न्हाई. तवा मला कळलं.

देवाच्या गाडीचं मागचं दार उघडं हुतं, इंजिन चालू हुतं. स्ट्रेचर निम्मं आत, निम्मं बाहीर. अण्णाचं डोकं गाडीत आन् पायातल्या वहाणा बाहीर, उन्हात. सोनम मॅडम गाडीत गुडघ्यावर बसून त्याची छाती दाबत हुत्या, केसं सुटलेली, घामानं न्हाल्या हुत्या. आमची गाडी दिसली तशा त्या थांबल्या आन् हात मांडीवर ठेवून बसून ऱ्हायल्या. लोकं म्हणली, तुझी गाडी रस्त्याला लागली आन् त्यानं आपणहून गज सोडला. चढवायला लागलो आन् मान टाकली.

मी रडले न्हाई. मला राग आल्ता. अण्णावर, अर्जुनावर, देवावर, आन् त्या रस्त्यावर, जिथनं त्या दिवशी एकबी दुखणं आलं न्हाई.

मंग मी बघितलं, आन् ते मला जन्मभर दिसणार हाय. बाजारातली आमची जुनी माणसं गाडीकडं बघून कुजबुजाय लागली. कुणी काय बोलायच्या आत अर्जुनानं पुढं होऊन स्ट्रेचरची दांडी धरली आन् बापाला मागं वढून गाडीतनं बाहीर काढलं. देवाच्या गाडीत मढं चालत न्हाई. अट पोराला पाठ हुती. बाहीर काढलं आन् त्यो तसाच हुभा ऱ्हायला, दोन्ही हात खाली सोडून.

वाडी लांब. न्यायचं कशात? लाइनीत आता पहिली गाडी देवाची. महेंद्र सगळ्यात मागं, शेपटाला. मधल्या गाडीवाल्यांनी माना खाली घातल्या. महेंद्रानं गाडी उलटी घेत घेत लाइनीच्या कडंनं पुढं आणली आन् दार उघडलं. कोणतरी नंबर म्हणून पुटपुटलं. महेंद्र म्हणला, "ह्याला नंबर लागत न्हाई."

चादर मी पडले हुते तशीच चुरगळलेली हुती. तिच्यावरच अण्णाला ठेवला. बाजूला मी बसले, पायाशी अर्जुना. वाडीच्या ओढ्यापाशी खड्डा लागला तवा महेंद्र म्हणला, धरा वाईच, अण्णाला धक्का बसंल.

सुतक फिटल्यावर मंडळाची बैठक झाली. बायका बसत न्हाईत तिथं, मी जाऊन बसले. म्हणलं, ती अट काढा. ह्या गाडीत एक मढं न्या, देवाच्या हातनं एक मढं जाऊ दे, म्हणजे सगळ्याच गाड्या सारख्या हुतील आन् कुणी थांबणार न्हाई. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मान दिला, चहा दिला. म्हणली, आक्का, तुमचं दुःख मोठं हाय. अट तशीच हाय. अर्जुनानं किल्ली देवळात ठेवली आन् मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला गेला, अजून माघारी आला न्हाई. गाडी आता दुसरा पोरगा चालवतो. लाइनबी तशीच हाय, भांडणं न्हाईत.

मी टपरीपुढचं बाकडं काढून टाकलं. पेशंट घेऊन कोण लाइन बघत थांबला तर त्याला चहा देत न्हाई. जाऊन दंडाला धरून सांगते, बाबांनो, त्या पुढच्या गाडीत मी सवता पडून आलीया. बघा माझ्याकडं, जिती हाय का न्हाई? माझा भाऊ त्यात बसला न्हाई म्हणून गेला. ती ऐकत्यात. व्हय आक्का, म्हणत्यात. वाईट झालं, म्हणत्यात.

आन् हुभ्यानं थांबत्यात.